नऊ खिळे आणि सलोखा कक्ष

ज्याचं मोजमाप झालेलं नाही ते अस्तित्वातच नाही, असं मानणं हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण आहे. त्या मध्यम आकाराच्या शहरात नाना भाषांची माणसं तीन पिढ्या भिंतीला भिंत लावून राहत होती. पण याला सलोखा म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. (त्यांना वाटे, याला शेजार म्हणतात.) ही उणीव नगरपालिकेने सलोखा कक्ष उघडून भरून काढली.

कक्षाची पहिली नजर पडली ती गोदामामागच्या जुन्या इमारतीवर. तिथे दहा बिऱ्हाडं आणि सात भाषा होत्या. भांडणं मात्र आठव्या भाषेत होत, जी सगळ्यांनाच समजे. जिन्याच्या तोंडाशी खिळेकाकू राहत. जन्मभर शिलाई करून डोळे अधू झालेल्या या बाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी नऊ खिळे होते आणि प्रत्येकावर एकेका शेजाऱ्याची जादा किल्ली. ही पद्धत कोणी ठरवून सुरू केली नव्हती. कुणाचं दूध उतू गेलं, कुणाचं पोर आत अडकलं, असं करता करता एकेक खिळा वाढत गेला. बेकरीवालीशी काकूंचा कित्येक वर्षं अबोला होता (कारण दोघींनाही आठवत नसे), पण तिची किल्ली खिळ्यावरून हलली नाही. अबोला वेगळा, किल्ली वेगळी.

सगळ्यांत झिजलेली किल्ली होती वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींची. एकटे, ऐंशी ओलांडलेले, कानांनी अधू आणि गुडघ्यांनी त्याहून. काकू रोज सकाळी त्यांचं दार उघडून चहा ठेवत. त्यांची भाषा काकूंना येत नसे. ते चहाला नावं ठेवतात, हे मात्र बरोबर कळे.

कक्षाचे समन्वयक आले. चष्मा पुसून त्यांनी खिळे पाहिले.

"काकू, सगळ्यांच्या किल्ल्या तुमच्याकडेच का?"

"माझं दार जिन्याजवळ आहे म्हणून."

"म्हणजे एकाच गटाच्या हातात सगळी सत्ता."

"सत्ता कसली डोंबलाची? खिळे आहेत ते. आणि भिंतही भाड्याची आहे."

पुढचं सगळं तर्काला धरून झालं. आधी ठरलं की प्रत्येकाची किल्ली अशा घरी असावी, जिथली भाषा, देव आणि ताटातलं अन्न, तिन्ही वेगळं आहे. बेकरीवालीसाठी या कसोट्यांना उतरणारा एकच शेजारी निघाला. तो जहाजावर नोकरीला होता आणि वर्षातून एकदा घरी येई. मग किल्ल्या दरमहा फिरवायचं ठरलं. तेव्हा आपली किल्ली कुठे आहे हे कोणालाच कळेना. शेवटी सगळ्या किल्ल्या कक्षाच्या लोखंडी कपाटात गेल्या. आता कोणावरही अन्याय होत नव्हता, कारण किल्ली कोणालाच मिळत नव्हती. कक्षाच्या पाहणीत इमारतीतला परस्परविश्वास बासष्ट टक्क्यांवरून चौऱ्याण्णववर गेल्याचं आढळलं. (उरलेले सहा टक्के म्हणजे घड्याळजी. त्यांना प्रश्न ऐकू आला नाही.)

काकूंनी खिळे उपटले नाहीत. त्यांवर फडकी वाळत घातली.

घड्याळजी आता भिंत धरत धरत येऊन स्वतः दार उघडत. एके सकाळी ते उघडलं नाही. काकूंनी हाका मारल्या, दार बडवलं. आतून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला. काकू तशाच कक्षाकडे धावल्या, तर कक्षाला कुलूप. सगळा कक्ष सभागृहात होता, कारण शहराला सलोख्याचं पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि सगळ्या इमारतीला टाळ्या वाजवायचं आमंत्रण होतं.

काकू सभागृहाच्या दारात दिसताच त्यांना उचलूनच व्यासपीठावर नेलं. हातभर लांबीची पितळी किल्ली त्यांच्या हाती देण्यात आली. शहराच्या हृदयाची किल्ली, असं तिचं नाव होतं.

"साहेब, ही नको. ती लहान द्या. घड्याळजी आत अडकलेत."

"काकूंचा विनय पाहा," समन्वयक ध्वनिक्षेपकात म्हणाले. टाळ्या पडल्या. मग हळूच म्हणाले, "अहो, कपाटाची किल्ली कारकुनाकडे आहे. तो रजेवर आहे."

काकू उतरल्या आणि चालू लागल्या. बेकरीवाली उठून मागोमाग निघाली. वाटेत दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. दारापाशी बेकरीवालीने काकूंच्या हातातून बक्षीस काढून घेतलं आणि कणीक तिंबून पोसलेल्या दंडांनी तीन घाव घातले. कुलूप पडलं. (बक्षीस उपयोगी पडल्याची त्या शहरातली ही पहिलीच खेप.)

घड्याळजी दाराशीच पडले होते. खुबा मोडला होता, हात कुलपाच्या दिशेला. ते काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतायत?" बेकरीवालीने विचारलं. अबोला तिथे संपला.

"चहाला उशीर झाला म्हणतायत. दुसरं काय म्हणणार?"

पितळी किल्ली वाकवल्याबद्दल कक्षाने इमारतीला यादीतून काढून टाकलं. आता तिथे सलोखा उरलेला नाही. आठवड्याभरात नवी कुलपं आली आणि त्यांच्या जादा किल्ल्या खिळ्यांवर परतल्या. एका खिळ्यावर अजून फडकं आहे. जहाजवाल्याच्या जागी आलेलं जोडपं सुसंस्कृत आहे. अशा गोष्टी ते आवडीने वाचतात आणि समन्वयकांना पोट धरून हसतात.

आपणही हसलात, बरं वाटलं. आता एवढंच सांगा, आपल्या घराची जादा किल्ली कोणाकडे असते? (घरातल्याच कपाटात, हे उत्तर धरलं जाणार नाही.)