एका प्रमिलेमागे तीस हाका

प्रमिला या नावाने स्वतःच नगरपालिकेत एक वर्षाच्या रजेचा अर्ज दिला, आणि त्याची प्रत मला मंगळवारी मटकी निवडताना मिळाली. गावात आम्ही सव्वीस प्रमिला, पण नोटीस आली ती माझ्या एकटीच्या पत्त्यावर. रजेच्या कारणापुढे लिहिलं होतं, "सदर बाईंच्या घरी कामाचा अतोनात ताण." रजा एक तारखेपासून, म्हणजे पाच दिवसांनी.

ताण होता, नाही कशाला म्हणू? फेब्रुवारीत आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण वाचा गेली. सगळे शब्द गेले आणि एकच उरला, प्रमिला. पाणी हवं असलं की प्रमिला. उशी घसरली, प्रमिला. पंखा जोरात आहे, प्रमिला. दिवसाला तीनशेच्या आसपास हाका व्हायच्या.

आता गंमत बघा. हा माणूस एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. तीस वर्षं माइकवरून जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या गावांची नावं घेतली. बायकोचं मात्र एकदाही घेतलं नाही. एकेचाळीस वर्षं "अगं", "ऐकलंस का", नाहीतर नुसतं खाकरणं. लग्नात घास भरवताना एकदा घेतलं होतं, तेही माझ्या मामांनी ताट अडवून धरलं म्हणून. ते इतकं पुटपुटत घेतलं, की शेजारी बसूनही मला ऐकू आलं नाही.

आणि आता दिवसभर तेच. जिवाची तगमग व्हायची ह्यांच्याकडे बघून, आणि बरंही वाटायचं. कुणाला सांगणार हे? नाव रजेवर गेलं की ते कुणाच्याच तोंडातून निघत नाही. मागे सुलोचना दीड महिना रजेवर होती, तेव्हा पोस्टमनने आठ घरांतल्या सुलोचनांची पत्रं परत नेली होती. त्या आठजणींचं एक वेळ भागलं. आमच्या ह्यांच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

बुधवारी शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि नगरपालिकेत गेले. नामविभाग पाणीपट्टीच्या खिडकीमागे आहे. टेबलापाशी हुपरीकर साहेब बसले होते आणि समोरच्या बाकावर नाव बसलं होतं. दिसायला ते नावासारखंच होतं.

"बसा बाई," नाव म्हणालं. नाव स्वतःला हाक मारत नाही, म्हणून मला बाई म्हणालं.

हुपरीकरांनी रजिस्टर उघडून मोठ्याने वाचलं. "प्रमिला. सन त्रेपन्न ते अडुसष्ट, मागणी उत्तम. एकसष्ट साली एकट्या मधल्या पेठेत चार बारशी. सत्तरनंतर उतार. शेवटची नोंद एक्याऐंशी. त्यापुढे निरंक."

"माझं मूळ जुन्या कथेतल्या राणीचं," नाव म्हणालं. "राज्य सगळं बायकांचं, त्यांची राणी. आणि अर्थ म्हणाल तर झापड. पेंग. स्वभावच तसला. मागणी गेली याचं मला काहीच वाटलं नाही. पंचवीस घरांत मला कुणी हात लावत नाही. तिथं आई, आजी, काकू, वहिनी यांच्यावर भागतं. रेशनकार्डावर पडून राहायचं, एवढंच काम. आणि तुमच्या घरी तीनशे!"

"आजारी माणूस आहे हो ते."

"असेल. पण ते गृहस्थ पाणी हवं असलं तरी मलाच वापरतात. उशीलाही मीच. मी नाव आहे बाई, पाणी नाही."

हे मात्र मला लागलं. कारण हे मी स्वतःशी रोज म्हणत होते. एकेचाळीस वर्षांनी नवऱ्याच्या तोंडी आपलं नाव आलं, आणि त्याचा अर्थ काय, तर पाणी.

हुपरीकर म्हणाले, "तुमची अडचण होऊ नये म्हणून कार्यालय बदली नाव देतं. आयरा सध्या जोरात आहे, पण तिला आधीच जादा काम आहे. ठकू मोकळं आहे. पन्नास वर्षं कुणी उचललेलं नाही, एकदम ताज्या अवस्थेत मिळेल."

"ठकू तुमच्या घरी न्या," मी म्हटलं. "अहो साहेब, त्यांना नवा शब्द येत असता तर आधी पाणी नसते का म्हणाले? तेवढं एक नाव उरलंय त्या माणसाजवळ. ते पण काढून घेता?"

बोलता बोलता माझा आवाज चिरकला. पाणीपट्टीच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. हुपरीकरांनी नियमांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. नियम साधा होता, एका व्यक्तीमागे दिवसाला तीस हाका. मी तो दोनदा वाचला.

"एका प्रमिलेमागे तीस. आणि एका नवऱ्यामागे किती?"

हुपरीकरांनी पानं उलटून पाहिली. "त्याबद्दल काही म्हटलेलं नाही."

"मग दहा प्रमिला आणून बसवल्या तर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नाव म्हणालं, "वेगवेगळ्या दहा असतील तर माझी हरकत नाही. एकाच जागी घासलं जातं, त्याचा त्रास आहे. पण हाकेला ओ देणारी समोर हवी. आणि मी स्वतः येऊन बघणार, तोवर रजा थांबेल."

एक तारखेपर्यंत नऊ प्रमिला गोळा करायच्या होत्या. पहिली मी गाठली ती प्रमिला चौगुले, सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. फाटकातून हाक मारली. सून बाहेर आली आणि म्हणाली, "इथं कुणी प्रमिला राहत नाहीत." चौगुलेबाई तिच्या मागेच पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनीही कोण आलंय म्हणून रस्त्याकडे पाहिलं. मग हातातली पाकळी खाली पडली.

"अगं बाई, मीच की ती," त्या सुनेला म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. येणार का विचारलं. त्या म्हणाल्या, "येते. पण आधी पुन्हा एकदा मार की हाक." मी मारली. त्यांनी ओ दिली आणि पदराने डोळे पुसत आत चप्पल शोधायला गेल्या.

बाकीच्या घरी थोड्याफार फरकाने हेच झालं. प्रमिला आवटींनी तर हाक ऐकून दारच लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपणहून आमच्या दारात उभ्या, केसांत अबोलीचा गजरा माळून.

एक तारखेपासून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आमच्या घरी दहा प्रमिला बसू लागल्या; सहानंतर हे गोळी घेऊन सकाळपर्यंत झोपायचे. भाजी निवडायची, विणकाम करायचं, एकमेकींच्या सुनांचा उद्धार करायचा. हे म्हणायचे "प्रमिला", की पाळी जिची असेल ती "ओ" म्हणून उठायची. नगरपालिकेचा कारकून दाराशी खुर्ची टाकून वहीत हाकांच्या खुणा करायचा. नाव खिडकीत बसून लक्ष ठेवायचं. पहिल्या आठवड्यात त्याची काहीच तक्रार आली नाही आणि रजेचा अर्ज मागे घेतल्याचं पत्र आलं.

माझं मात्र डोकं फिरायचं. खोटं कशाला बोलू? नवरा माझा, आणि ओ द्यायला आवटीबाई! त्यांची ओ जरा जास्तच गोड असायची. माझ्या वाटणीच्या तीस हाका दुपारच्या चहापर्यंत संपायच्या. मग ह्यांनी हाक मारली तरी मी जागेवर बसून राहायचं. ह्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पाणी मिळालं, की झालं. मी एकदा नावाला म्हटलंही, "बरोबर होतं तुमचं. पाणीच म्हणतात ते."

चार महिन्यांनी, दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी, साडेपाचच्या सुमाराला ह्यांनी तोंड उघडलं आणि "पा-णी" म्हणाले. अगदी स्पष्ट. चौगुलेबाईंची पाळी होती. त्या सवयीने "ओ" म्हणून अर्ध्या उठल्या आणि तशाच थांबल्या. मग एकच कालवा झाला. कुणी साखर वाटली, कुणी माझ्या मुलाला पुण्याला फोन लावला, तो तिकडे रडायला लागला. मी ह्यांना पाणी पाजलं. डॉक्टर म्हणाले, आता एकेक शब्द परत येईल.

हसले मी, सगळ्यांबरोबर हसले. पण मनात पुढचे शब्द मोजत होते. पाणी आलं. उद्या उशी येईल, परवा पंखा. आणि त्यानंतर येईल "अगं, ऐकलंस का".

सहा वाजले. बायका आपापल्या घरी गेल्या. कारकुनाने वही मिटली. नाव दारात चपला घालत होतं. मी रिकामं भांडं घेऊन वळले, तेवढ्यात मागून हाक आली.

"प्रमिला."

"एकतिसावी होते," कारकून म्हणाला आणि वही उघडायला लागला.

"थांबा जरा," नाव म्हणालं. मग मला विचारलं, "काय हवंय त्यांना?"

मी पाहिलं. पाणी पिऊन झालं होतं. उशी जागेवर होती. पंखा बंद होता. हे माझ्याकडे बघत होते, हातानेही काही खुणावत नव्हते.

"काही नको आहे," मी म्हटलं.

"मग लिहू नका," नाव कारकुनाला म्हणालं. "हे माझंच काम आहे."

कारकुनाने वही पिशवीत घातली. मी भांडं खाली ठेवलं आणि ओ दिली.