नानांच्या घड्याळाचं तेल

बंद घड्याळ म्हणजे आळशी नवऱ्यासारखं असतं, नीट उघडून साफ केलं की चालायला लागतं, असं दीपमालाचं ठाम मत होतं आणि ते ती नवऱ्यासमोरच सांगायची. सोमनाथ बिचारा ऐकून घ्यायचा. गारखेड्यातल्या त्यांच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल जेवणाचं उरलंच नव्हतं. जुन्या बाजारातून आणलेली मेलेली मनगटी घड्याळं त्यावर उताणी पडलेली असायची आणि एका डोळ्याला भिंग लावून दीपमाला त्यांच्या पोटात चिमटा घालत बसायची. बाईमाणसानं शेवया कराव्यात, पापड लाटावेत, ही कसली थेरं, असं एका लग्नात तिची आत्या सगळ्यांदेखत बोलली. तेव्हापासून तर दीपमालाला जास्तच चेव चढला.

म्हणून तिनं सिल्लोडच्या चुलत्यांचं, नानासाहेबांचं, चावीचं घड्याळ मागून घेतलं. ते कित्येक वर्षं बंद होतं, तरी नाना ते मनगटावर बांधूनच हिंडायचे. तिनं पिवळी पडलेली काच टूथपेस्टनं घासून लख्ख केली, चाकं पेट्रोलमध्ये धुतली, नवा पट्टा चढवला आणि शिलाई मशीनला घालावं तसं सढळ हातानं तेल घातलं. घड्याळ टिकटिकायला लागलं! नानांनी ते कानाला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

महिना उलटायच्या आत सिल्लोडहून फोन सुरू झाले. पहिला नानांच्या मुलाचा, शिवराजचा. नाना सकाळी टीव्हीवरच्या बातम्या बघून घड्याळ लावतात, तो म्हणाला, अन् दुपार होईस्तोवर ते मोबाईलच्या पुढं पळालेलं असतं. मग जेवायला उशीर झाला म्हणून घर डोक्यावर घेतात. मोबाईल दाखवला तर म्हणतात, हे दीपमालानं दुरुस्त केलंय, चुकत असेल तर तुझंच. दीपमालाला यात आत्याचाच आवाज ऐकू आला. घड्याळ पुढं जात नाही, तुम्हीच मागं पडता, असं तिनं ठणकावलं.

मग शिवराजच्या बायकोचा, रूपाचा, फोन आला. तिला आता रात्रीच्या भाकरी ऊन अंगणात असतानाच थापाव्या लागत होत्या. वेळेआधी आलेल्या मक्याच्या व्यापाऱ्याला नानांनी उशिरा आलास म्हणून दारातूनच परत लावून दिलं होतं. शेवटी शिवराजनं निर्वाणीचं सांगितलं, की ताई, एकतर ते पुन्हा बंद करून दे, नाहीतर मीच ते हौदात टाकतो.

दुसऱ्याच सकाळी दीपमाला हत्यारांची डबी घेऊन सिल्लोडच्या बसमध्ये बसली. घरात शिरल्यावर तिनं पाण्याचा तांब्याही घेतला नाही.

"तुम्हाला घड्याळ बंद करायचंय, की नानांना?" तिनं विचारलं. "घड्याळ बंद होतं तोवर बरं होतं. म्हातारा कोपऱ्यात गप. त्याला कधीही जेवायला वाढलं तरी चालायचं. आता तो वेळ विचारतो, तर जड जातंय. घड्याळ चालूच राहील. ज्याला बघवत नसेल त्यानं बघू नये."

शिवराजनं मान खाली घातली. रूपा मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेली.

मैदान मारल्याच्या थाटात दीपमालानं नानांचं घड्याळ हातात घेतलं, आणि सहज मोबाईलकडे बघितलं. घड्याळ चांगलं अर्ध्या तासाच्या वर पुढं होतं. उजेडात बघते म्हणत ती मागच्या अंगणात सटकली. नाना मागोमाग आले. तिनं झाकण उघडून भिंग लावलं. आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचा तेलात भिजून वेढ्याला वेढा चिकटला होता. स्प्रिंग अशी आखूड झाली, की तिचं चाक भराभर हलतं; मग घड्याळ उधळणार नाही तर काय!

"नाना, चूक माझीच आहे," ती हळूच म्हणाली. "पुढं पळतंय हे. आत्ता धुऊन देते."

नानांनी तिचा हात धरला.

"मला ठावं हाय. सारा जन्म शेतात गेला. सावली बघून येळ कळत नाय व्हय मला?"

"मग बोलला नाहीत ते?"

"आधी भूक लागली म्हणलं, की बघू म्हणायचे. आता घड्याळ दाखवलं, की ताट येतं. लई गुणाचं घड्याळ हाय. ऱ्हाऊ दे तसंच."

दीपमालानं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग झाकण दाबून बसवलं, बैठकीत गेली आणि घड्याळ तपासलं, अगदी बरोबर चालतंय, असं जाहीर केलं. शिवराजनं मोबाईलकडे बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि मोबाईल खिशात ठेवला.

पण सिल्लोडमध्ये गोष्ट लपून राहत नाही. काही दिवसांनी नाना कडुबा आणि साहेबराव या दोन दोस्तांना घेऊन गारखेड्यात हजर झाले. दोघांकडेही बंद घड्याळं होती. दीपमालाची छाती फुगली. एव्हाना ती सुईच्या टोकानं थेंबभर तेल घालायला शिकली होती. तिनं दोन्ही घड्याळं अशी बसवली, की मिनिटाचाही फरक पडू नये.

आठवड्यातच दोघं परत आले, तोंडं पाडून. चालत नाहीत का, तिनं काळजीनं विचारलं.

"चालतंय की. अगदी बरोबर चालतंय," कडुबा कुरकुरत म्हणाले. "नानाच्या घड्याळात घातलं ते तेल आमच्यात का नाय घातलं?"