एकशे चाळीस व्हॉल्व्ह आणि एक छप्पर

"सगळेच्या सगळे समुद्रात, बाबा?" सूनबाईंनी फोनवर विचारलं.

"एकही काठाला लागला नाही गं!" काका कळवळून म्हणाले. "वर उत्तरेला, बर्फाजवळच्या समुद्रात पडलेत. तिथं कोणाला सोडायचंय पाणी?"

काका पाणीपुरवठा खात्यातले आरेखक. तीस वर्षं त्यांनी शाईने नकाशे काढले, आणि ते असे की पाइपाच्या रेघेवर बोट ठेवलं तर ओलं होईल असं वाटावं. पण नव्या इंजिनियर मॅडमना कागद नको होता. गावातले एकशे चाळीस व्हॉल्व्ह त्यांना संगणकाच्या नकाशावर हवे होते. "अकरा वाजता येते," त्या सकाळी म्हणाल्या होत्या. "ठिपके दिसले तर ठीक. नाहीतर कागदी नकाशांसोबत तुमचं टेबलही खाली दप्तरखान्यात." दप्तरखाना तळघरात होता. तिथं खिडकी नव्हती आणि झुरळं कायमस्वरूपी नोकरीत होती. काकांची निवृत्ती दोन वर्षांवर होती. ती दोन वर्षं उजेडात जावीत, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं.

जागांची फाइल तयारच होती. व्हॉल्व्ह उघडबंद करणारे खात्यातले एक चावीवाले महिनाभर खात्याचा फोन घेऊन नोंदी करत होते; बटण दाबलं की फोन जिथं असेल ती जागा नोंदली जायची. ती फाइल नकाशावर चढवायची, एवढंच काकांचं काम. आणि चढवली तर ही जलसमाधी.

"बाबा, फाइल चढवताना तुम्ही आधी अक्षांशाचा रकाना ठेवलात का?"

"मग? अक्षांश-रेखांश! मास्तरांनी असंच घोकून घेतलंय. उलट म्हणालो असतो तर छडी होती."

"ह्या नकाशाला आधी रेखांश लागतो. रकाने उलटे करा, झालं. थांबा, फाइल मलाही दिसतेय."

काकांना थांबणं कुठलं? घड्याळात दहा वीस झाले होते. त्यांनी रकान्यांची अदलाबदल केली आणि डोळे मिटून बटण दाबलं. उघडले तर ठिपके पुन्हा त्याच गार पाण्यात.

"सूनबाई, मी उलटं केलं तरी तेच!"

"अहो, मीसुद्धा आत्ताच केलं ना उलटं! तुम्ही माझं सुलटं केलंत."

"मग आता मी करतो."

"तुम्ही काही करू नका! हात मांडीवर ठेवून बसा."

काका आज्ञाधारकपणे बसले. मंडळी, चांगल्या कामात दोन भाविक एकदम पुढे सरसावले की असंच होतं; दोघेही दार ढकलतात, एक आतून, एक बाहेरून.

साडेदहाला नकाशा हलला, समुद्र मागे पडला आणि गाव आलं. ओळखीचे रस्ते, टाकी, बाजार. काकांचे डोळे भरून आले. मग ते कोरडे झाले, कारण गावात ठिपका एकच होता.

"बाकीचे एकशे एकोणचाळीस बुडाले वाटतं," काका पुटपुटले.

"बुडाले नाहीत, बाबा. एकावर एक रचलेत. जरा मोठं करून बघा."

काकांनी मोठं केलं. एका घराचं छप्पर दिसू लागलं, शेजारी पाण्याचं पिंप, दोरीवर वाळत घातलेली चादर. सगळ्या गावाचं पाणी त्या चादरीपाशी उघडबंद होत होतं. घर कोणाचं, हे ओळखायला काकांना नकाशा लागला नाही. त्यांनी तडक चावीवाल्यांना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोने.

"वहिनी, चावीवाले कुठं आहेत?"

"कामावर! सकाळीच गेले."

"मग फोन घरी कसा?"

"फोन घरीच असतो, भाऊजी! खोक्यात, कपाटात. सरकारी वस्तू. हे दिवसभर चेंबरात वाकलेले, पडला पाण्यात तर भरून कोण देणार?"

"मग नोंदी?"

"रोज संध्याकाळी हातपाय धुऊन बसायचे. हे नंबर सांगायचे, खाणाखुणा सांगायचे, मी लिहून बटण दाबायची. एक सोडला नाही हो! भाजी करपली एकदा, पण बटण दाबलं."

काकांनी कपाळावर हात मारला. बरोबर त्याच वेळी मॅडम आत आल्या, कानाला फोन लावून, पंधरा मिनिटं आधी.

"दवाखान्यासमोरची पाइप फुटलीय! औषधांच्या खोलीत पाणी शिरतंय. फिटर चावी घेऊन गेलाय, त्याला व्हॉल्व्ह सापडत नाहीये. काका, नकाशा दाखवा!"

काकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. दुसरं करणार काय?

"हे काय? एकच घर?"

काका तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या हातातला फोनच बोलला. "दवाखाना ना? एकसष्ट नंबर. समोर नाही हां तो, मागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या पायरीला लागून. झाकणावर त्याने कुंडी ठेवलीय, ती उचलायला सांगा. आणि डावीकडे फिरवायचा, तो उलटा आहे."

मॅडमनी शब्द न् शब्द फिटरला सांगितला. चार मिनिटांनी तिकडून आवाज आला, "बंद झालं, मॅडम!"

मॅडम खुर्चीत बसल्या. पडद्यावरच्या छपराकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"काका, तुमचा नकाशा शंभर टक्के चुकीचा आहे."

"हो, मॅडम."

"पण गावातल्या सगळ्या व्हॉल्व्हची माहिती ह्याच घरात आहे, हे त्याने बरोबर दाखवलं. तुम्ही दप्तरखान्यात जायचं नाही." काका उठून हात जोडणार, तोच त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही उन्हात जायचं. उद्यापासून फोन तुमच्याकडे. एकशे चाळीसही ठिकाणी स्वतः उभं राहून बटण दाबायचं. तोवर इथं कोणाचा फोन आला तर उत्तर द्यायला वहिनींना बोलवा."

दुसऱ्या दिवशी वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत पंख्याखाली बसल्या आणि काका टोपी घालून चावीवाल्यांमागे निघाले. मागितला त्याहून फार जास्त उजेड देवाने त्यांच्या पदरात टाकला होता. पहिल्या व्हॉल्व्हपाशी चावीवाल्यांनी झाकण उचललं. काका फोन घेऊन पुढे झाले.

"तिथंच थांबा!" चावीवाले ओरडले. "सरकारी वस्तू घेऊन चेंबरपाशी यायचं नाही. तिकडं झाडाखाली उभे राहा. मी इथून नंबर सांगतो, तुम्ही तिथून दाबा."

"अहो, मग ठिपका झाडावर पडेल! हे बघा, फोन दोरीने गळ्यात बांधलाय."

चावीवाल्यांनी दोरी हातात घेऊन नीट तपासली, गाठ ओढून पाहिली, आणि काकांकडे वर ते खाली पाहिलं.

"दोरी मजबूत आहे," ते म्हणाले. "पण तुम्हीच पडलात तर?"