मल्लप्पा अण्णांचं विमान

बीदरमधल्या आमच्या मैलूरमध्ये कोणाची दाढ दुखायला लागली की मल्लप्पा अण्णा बेंगळूरचा डॉक्टर सुचवतात. तोही विमानानं. गुडघे असोत, लग्नाच्या साड्या असोत, पोराचं अ‍ॅडमिशन असो, सगळ्यावर इलाज एकच. "मास्तर, बेंगळूरला कवा जायलाव?" नमस्काराऐवजी ते मला हेच विचारतात. त्यांच्यापायी मी खरोखरच बेंगळूरला जाऊन एक दाढ काढून आलो आहे.

विमान कंपनीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण बीदरहून बेंगळूरला जाणारं हे स्वस्तातलं विमान रिकामं उडू लागलं तर बंद पडेल, या धास्तीनं त्यांच्या जिवाला चैन नाही. मधे काही महिने ते बंद पडलंही होतं. त्यांची एकुलती एक लेक मादेवी बेंगळूरला नर्स आहे. बसनं यायचं तर दोन दिवसांची सुट्टी रस्त्यातच संपते. विमान बंद होतं तेव्हा ती आलीच नाही, आणि काकू वारल्यापासून अण्णांच्या घरात बोलायला दुसरं कोणी नाही.

अण्णांनी तीस वर्षं बीदर-जनवाडा जीप चालवली. त्यामुळे विमानाच्या धंद्यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची खात्री आहे. त्यांचं म्हणणं खोडून काढणं मला अजून जमलेलं नाही.

"स्वस्तात न्हेतो म्हणलाव नव्हं? मग तसंच न्ह्या की! गादी कामून? चहा कामून? धंदा म्हंजे धंदा, पाहुणचार न्हाई." मग कमठाण्याच्या एका जीपवाल्याचा दाखला येतो. त्यानं गाडीत पंखे बसवले, गाणी लावली, भाडं वाढवलं. "सा महिन्यात जीप इकून म्हशी घेतल्या बघा!"

अण्णांची स्वतःची जीप भरल्याशिवाय जागची हलत नसे. एकदा आत नवरदेव बाशिंग बांधून बसला होता, तरी हे दोन शिटांसाठी स्टँडवर ओरडत राहिले. मुहूर्त टळला. याबद्दल त्यांना आजही काही वाटत नाही. "मुहूर्त दुसरा निघतो की वो!"

गेल्या महिन्यात मादेवीला आणायला आम्ही माझ्या गाडीतून विमानतळावर गेलो. बाहेर येणारी माणसं अण्णांनी बोटावर मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"निम्मं रिकामंच आलं की, मास्तर."

तेवढ्यात मादेवी हसत आली. "अप्पा, शेजारची शीट मोकळीच व्हती! पाय पसरून आले. पाणी बी फुकट दिले!"

फुकट पाणी! आता भाषण सुरू होणार म्हणून मी सावरून उभा राहिलो. पण अण्णा तिच्या पायांकडे बघत राहिले. ती बॅग ठेवायला गाडीमागे गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "आम्ही जनवाड्याला ऱ्हात व्हतो तवा हिला माझ्याच जीपनं साळंला आणायचो. पैशाचं गिऱ्हाईक आलं की हिलाच उठवायचो. धा वर्सं उभ्यानं आलं लेकरू. कधी एका शब्दानं बोलली न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले होते.

मादेवी येऊन मागच्या सीटवर, अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसली. अण्णांनी पुढचं दार उघडून धरलं.

"पुढं ये, माय. ऐसपैस बस. आता तुला कुणी उठीवत न्हाई."