खोली क्रमांक चौदाची विळी

सरकारला आपल्या मर्यादेत ठेवायचं असेल तर प्रत्येक नागरिकाच्या घरात शस्त्र असलं पाहिजे, हे तत्त्व जगातल्या भल्याभल्यांना पटलेलं आहे. दम्मामजवळच्या एका कामगार कॅम्पातल्या खोली क्रमांक चौदाला ते जरा उशिरा पटलं, पण पटलं ते कायमचं.

तोवर तशी गरज पडली नव्हती. कॅम्पाची नियमावली पंधरा वर्षं भिंतीवर टांगलेली होती, पण ती अरबीत असल्यामुळे सगळे सुखात होते. मग सौदीकरण आलं, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस. जुना मलबारी सुपरवायझर घरी गेला आणि त्याच्या जागी हुफूफचा वहाब आला. नियमावली वाचता येणारा तो पहिलाच सुपरवायझर. त्याने ती वाचली. (अधिकाऱ्याने नियम वाचणे ही अतिक्रमणाची पहिली पायरी होय.) पहिल्या आठवड्यात दोरीवरचे कपडे गेले, दुसऱ्यात दाराबाहेरच्या चपला, आणि तिसऱ्यात नोटीस लागली: खोलीतली सर्व धारदार हत्यारं गुरुवारपर्यंत ऑफिसात जमा करावीत.

खोलीतला यासीन दाभोळचा पाइप फिटर, आणि त्याच्या पलंगाखाली विळी होती. एकोणीस वर्षांपूर्वी आईने टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातलेली. आई गेली, विळी राहिली. दर शुक्रवारी तिच्यावर सुरमई कापून तो सहा जणांचं कालवण करायचा आणि तेवढा एक तास तो दम्मामात नसायचा. ती गेली असती तर त्याला सरळ रडू आलं असतं.

पण चारचौघांत रडण्यापेक्षा तत्त्व बरं दिसतं. यासीनने फोनवर एका अमेरिकन माणसाचं भाषण पाहिलं होतं.

"तिकडं घराघरात बंदूक हाय, म्हनून सरकार बिचकून असतंय," त्याने खोलीला समजावलं. "आज आपन विली दिली, तर उद्या चमचे मागतील."

ताबडतोब शस्त्रगणना झाली. विळी एक, सुऱ्या दोन (पैकी एक लोणी लावायची), अडकित्ता एक, नेलकटर चार. माणसं सहा. म्हणजे दरडोई सव्वा शस्त्राहून जास्त. एवढ्या आकड्यावर कुठलंही सरकार नमतं, असं खोलीचं मत पडलं.

कवायतीच्या वेळी महाडच्या भिकू वेल्डरने एक तांत्रिक मुद्दा काढला. विळी चालवायला जमिनीवर बसून तिच्या पाटावर पाय ठेवावा लागतो. पातं जागचं हलत नाही. जे कापायचं ते दोन्ही हातांत धरून पात्याकडे न्यावं लागतं.

"यासीनभाय, म्हंजे वहाबला आपणच उचलून आणायचा का?"

बराच विचार होऊन ठराव झाला की हे शस्त्र निव्वळ बचावाचं आहे.

गुरुवारी वहाब आला. यासीन पाटावर पाय रोवून, हातात सुरमई धरून तयार होता.

"ऐश हाजा?" वहाबने विचारलं. हे काय?

"हमारा हक," यासीन म्हणाला.

वहाब उकिडवा बसला. खजुराच्या बागेत कोयत्यांबरोबर वाढलेला माणूस. त्याने पात्यावरून अंगठा फिरवला, चुकचुकला, "धार खलास" म्हणाला आणि विळी उचलून घेऊन गेला. खोली बघत राहिली. (या वेळी उरलेली सात शस्त्रं हाताशी होती.)

अर्ध्या तासाने तो परत आला. विळीला लखलखीत धार होती आणि सोबत एक फॉर्म होता. परवाना काढला तर हत्यार ठेवता येतं, असंही त्याने नियमावलीत वाचलं होतं. अर्ज तीन प्रतींत, इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, झेरॉक्स, यासीनचा एक फोटो आणि विळीचे दोन (एक समोरून, एक बाजूने). अटी किरकोळ होत्या. विळी ऑफिसच्या कपाटात राहील, शुक्रवारी एक तास मिळेल, आणि त्या तासात परवानाधारक आधी ऑफिसच्या जेवणाचे दहा किलो कांदे चिरून देईल.

खोलीत जल्लोष झाला. हक्क मान्य झाला होता, तोही शिक्क्यासकट. परवाना फ्रेम करून नियमावलीशेजारी टांगला. तोही अरबीत आहे. सुरमई आता खाली मासळीवालाच कापून देतो, कारण कांद्यातच तास संपतो. यासीनला जे रडू आलं असतं, ते दर शुक्रवारी कांद्यावर निभावून जातं. आभार म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात वहाबला सुरमईच्या चार जाड तुकड्या नेऊन दिल्या.

वाचकांना हसू आलं असेल. यावंच. स्वतःचीच विळी मिळाली म्हणून साहेबाला मासळी देणारा माणूस हसण्यासारखाच आहे. मात्र आपलाच एखादा कागद आपल्याला ऑफिसातून सहीशिक्क्यानिशी मिळाला, तेव्हा आपण टेबलावर ठेवलेले पेढे पाव किलो होते की अर्धा, तेवढं जरा आठवून पाहावं.