गुरुजींचं घोडदळ

“येत्या रविवारी पोस्टमास्तरच्या फौजेची धूळधाण नाही केली, तर नावाचा वैजनाथ नाही!”

बीबी गावच्या शाळेतले वैजनाथ गुरुजी हे बोलले ते बायकोसमोर, भर जेवताना! सुलभाबाईंनी ताक वाढलं. अशा प्रतिज्ञा त्यांनी लागोपाठ अकरा रविवार ऐकल्या होत्या.

आता ही लढाई कसली, ते सांगायला हवं. पोस्टमास्तर गोपाळरावांच्या ओसरीवर एक लाकडी तक्तपोस होता. त्यावर घोंगडी पसरायची, खाली दोन-चार पाट सरकवले की झाले डोंगर! दोन बाजूंना दोन फौजा, सगळे शिपाई मातीचे, बोटभर उंचीचे. पायदळानं एक वीत चालायचं, घोडेस्वारानं दोन विती, आणि कोणी कोणाला मारलं ते कवड्या टाकून ठरायचं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली, पण या ओसरीवरचं भांडण काही मिटलं नव्हतं.

गुरुजींच्या हातात कला होती, हो! तानुबाई कुंभारणीकडून मातीची गवळण आणायची, डोक्यावरची घागर खरवडून फेटा करायचा, पदराची ढाल करायची, वर काजळाच्या मिशा! गवळण कुठं गेली ते तिच्या आईलाही कळलं नसतं. तरी हरायचे गुरुजीच. कारण गोपाळरावांकडे जालन्याच्या बाजारातून आणलेलं घोडदळ होतं, आणि गुरुजींकडे औषधालाही घोडा नव्हता.

पोळ्याच्या चार दिवस आधी ते तानुबाईच्या अंगणात उभे राहिले.

“तानुबाई, घोडे करून दे ना वं!”

“पोळ्याच्या तोंडावर घोडे? मी बैलं करून राह्यली, गुरुजी. पंचवीस झाले, माती सरली. अन् या झडीत वाळते तरी काय? आता जे काई ते पोळा झाल्यावर.”

गुरुजींनी बैलांकडे पाहिलं. चार पाय, एक शेपूट. बैलात आणि घोड्यात फरक तो किती? शिंगं आणि वशिंड!

“सगळे दे!”

“पंचवीसच्या पंचवीस?” तानुबाईनं तोंडावर हात ठेवला. “वावर किती घेतलं हो, गुरुजी?”

पुढचे तीन दिवस घरात नुसता कारखाना! शिंगं मोडली, वशिंडं घासली, तागाची आयाळ चिकटवली, डिंकानं एकेकावर एकेक स्वार बसवला. सरदारासाठी तर खास सुतारकामाचा सरस उकळला. तो सरदार म्हणजे गुरुजींचा जीव की प्राण! त्याची मिशी त्यांनी आरशात स्वतःची पाहून काढली होती.

पोळ्याच्या सकाळी गुरुजी शेवटच्या घोड्याला डोळे काढत होते, तेवढ्यात दारात कालवा झाला.

ज्यांच्याकडे शेती त्यांच्या दारात खरे बैल. पण मास्तर, वैद्य, दुकानदार अशा बिनबैलाच्या घरांत पाटावर मातीचे बैल पुजतात, आणि त्यांना पुरणपोळी दाखवल्याशिवाय कोणी घास घेत नाही. गावात ते करणारी एकटी तानुबाई. तिनं सगळ्यांना एकच पत्ता सांगितला होता!

पुढं होत्या पोस्टमास्तरीणबाई, प्रतिमावहिनी. “भावजी, पुरण वाटून ठेवलं, अन् पूजेले बैल नाई! इतके बैल तुम्ही नेले काऊन हो?”

“आमचे म्हातारे उपाशी बसून राह्यले!” मागून वैद्यांच्या घरच्या रुखमाबाई ओरडल्या.

पुरणाचे हात घेऊन सुलभाबाई बाहेर आल्या. “अहो, आपल्या घरीही बैल लागतात, एवढं तरी ध्यानात होतं का?”

नव्हतं! गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एकदा घोडदळाकडे पाहिलं, एकदा त्या उपाशी गर्दीकडे.

“कणीक आणा,” ते म्हणाले. “अन् बाभळीचे काटे.”

मग काय! अख्खी आळी कामाला लागली. काट्यांची शिंगं, कणकेची वशिंडं! एकेक स्वार टक्कन उतरत होता, आणि प्रत्येक टक्क गुरुजींच्या काळजात वाजत होतं. घरटी दोन बैल वाटता वाटता शेवटी एकच उरला. म्हाताऱ्या माणसांच्या घरांना आधी जाऊ देणाऱ्या प्रतिमावहिनींच्या वाट्याला तो आला, आणि त्याच्यावरचा सरदार काही केल्या निघेना! सरस होता ना तो!

“ओढू नका, भावजी! बैल फुटंल. राहू द्या, मी पाहते,” म्हणत वहिनी तसाच घेऊन गेल्या.

रविवारी गुरुजी मिशाळ गवळणींची टोपली घेऊन ओसरीवर गेले. पुजलेले बैल काही लढाईत धाडता येत नाहीत, म्हणून पुन्हा पायदळच! गोपाळरावांनी फौज मांडली, आणि सगळ्यांत पुढं ठेवला बैलावरचा सरदार. अंगाला भस्म, डोक्यावर बेलाचं पान.

“हे काय, पोस्टमास्तर?”

“आमच्या हिनं नंदीवरचे महादेव म्हणून पुजले ना! मी म्हटलं, देव आमच्या बाजूनं राह्यले तर बरंच आहे. करा ना गुरुजी, करा हल्ला!”

गुरुजींनी कवड्या उचलल्या. भस्माआडून त्यांचीच मिशी त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी कवड्या खाली ठेवल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

घरी सुलभाबाई दारातच उभ्या होत्या. “काय हो, जिंकले का?”

“नाई,” गुरुजी म्हणाले. “दर्शन घेऊन आलो.”