मुका कॉम्प्युटर

"डब्यातून काढायचा, वायर लावायची, बटण दाबायचं, कामाला लागायचं!" धाकटीने घरात जाहीर करून टाकलं. "कॉलेजसाठी मी कॉम्प्युटर तयार घेणार. जोडाजोडी नको, स्क्रू नकोत, आणि 'थांब, अजून एकदा बघतो' तर मुळीच नको!"

शेवटचा टोला दादासाठी होता. तो त्याला बरोबर लागला.

दादा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत कामाला. दिवसभर लोकांच्या लिफ्ट जोडून त्याचे हात थकायचे, पण हौस थकायची नाही. उरलेली हौस तो घरी आणायचा. घरातला आधीचा कॉम्प्युटर त्यानेच जोडला होता, एकेक भाग निवडून, एकेक दुकान पालथं घालून. त्या कॉम्प्युटरला घरात सगळे गिरणी म्हणत. ती सुरू झाली की आई शिवणयंत्र थांबवून विचारायची, "काय म्हणालास?" आणि कोणीच काही म्हणालेलं नसायचं.

गिरणीची नाटकं काय सांगावीत! बटण दाबलं आणि सोडलं, तर बाईसाहेब ढिम्म. बोट दाबून धरायचं, तिच्या पोटातून घरघर येईपर्यंत धरायचं. आधी उचललं की पुन्हा पहिल्यापासून. एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं, त्याच्यासमोर टेबलफॅन. पुढचा छोटा दिवा कधी लागलाच नाही, कारण त्याची बारीक वायर दादाने जोडलीच नव्हती. "शोभेची आहे ती," तो म्हणायचा. त्यामुळे कॉम्प्युटर चालू आहे की बंद, हे या घरात डोळ्यांनी कोणी बघत नसे. कानाने ऐकत.

"तयार घेतलेला कॉम्प्युटर म्हणजे तयार शर्ट," दादा म्हणाला. "खांदे कोणाचे, पोट कोणाचं! सांग गं आई हिला."

आई शिवणकाम करायची. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. तिने टाचण्या काढल्या. "मला मधे घेऊ नका. पण शर्टाचं म्हणालास ते खरं आहे."

"आई!"

"अगं, मी शर्टाबद्दल बोलले."

धाकटीची घाई उगाच नव्हती. तिला इमारतींचे नकाशे काढणाऱ्या तुकडीत जागा हवी होती, आणि जागा मोजक्या होत्या. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पहिला नकाशा कॉलेजला पाठवायचा. नाही पोचला, तर उरलेल्या कुठल्या तरी तुकडीत वर्षभर जांभया द्यायच्या. नकाशा कागदावर पक्का झाला होता, फक्त कॉम्प्युटरवर उतरवायचा होता. आणि नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं की गिरणी गुडघेच टेकायची.

रविवारी सकाळी दुकानाचा माणूस खोकं ठेवून गेला. आतून निघालेला कॉम्प्युटर सडपातळ, काळा, गुळगुळीत. धाकटीने वायर लावली. बटण दाबलं. स्क्रीन उजळली! नाव विचारलं, भाषा विचारली, आणि नम्रपणे कळवलं: तयारी सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

"बघितलंस?" ती दादाला म्हणाली आणि विजयाचा चहा करायला गेली. कप घेऊन परत आली तर स्क्रीन काळी. आवाज नाही. तिने कान लावला. काहीच नाही! दुपारी नकाशा पुरा करायचा होता, आणि हा सकाळीच मेला? तिचं बोट आपोआप बटणाकडे गेलं, आणि लहानपणापासूनच्या सवयीने तिने ते दाबून धरलं, घरघर येईपर्यंत, म्हणजे

टक्.

*

(गोष्ट पुन्हा सुरू होत आहे. कृपया पुस्तक बंद करू नका.)

"डब्यातून काढायचा, वायर लावायची, बटण दाबायचं, कामाला लागायचं!" असं धाकटी म्हणाली होती खरी. आता तिने बटण पुन्हा दाबलं, आणि स्क्रीन पुन्हा उजळली. तयारी सुरू आहे, बंद करू नका.

"घाबरवतो नुसता," असं पुटपुटत ती आंघोळीला गेली.

आई त्या खोलीत आली ती कात्री शोधत. बघते तर स्क्रीन काळी आणि खोलीत शांतता. या खोलीत शांतता म्हणजे एक तर वीज गेलेली, नाही तर गिरणी बिघडलेली. पंखा तर फिरत होता.

"बिचारी पोर सकाळपासून राबतेय, आणि हे धूड झोपलेलं!" आईला राहवेना. रोज सकाळी गिरणी तीच सुरू करून द्यायची, त्यामुळे तिचा अंगठा तयार झालेला होता. काज-बटणं करून करून तो असा कणखर झाला होता की त्याने दाराची कडीही वाकली असती. तोच अंगठा तिने बटणावर रोवला आणि धरून ठेवला, धरून ठेवला

टक्.

*

(गोष्ट पुन्हा सुरू होत आहे.)

"डब्यातून काढायचा, वायर लावायची..."

धाकटी ओले केस पुसत आली आणि तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. स्क्रीनवर नवीन निरोप होता: बदल मागे घेत आहोत, बंद करू नका.

"मागे? मागे का? कोणी हात लावला?"

"छे!" आई कात्रीकडे बघत म्हणाली.

"मी तर पेपर वाचतोय," आजोबा म्हणाले. ते आईचे वडील. जन्म छापखान्यात गेलेला, यंत्रं कानाने ओळखायचे. शेजारच्या इमारतीतल्या पाण्याच्या पंपाचा सूर बिघडला, तर इथे आजोबांचा घास तोंडाशी थांबायचा.

धाकटी जेवायला बसली तेव्हा आजोबा हळूच उठले. कॉम्प्युटरला त्यांनी आधी उजवा कान लावला, मग डावा. मग चष्मा काढून पुन्हा उजवा. छापखान्यातलं सर्वांत म्हातारं यंत्रसुद्धा बंद असताना एवढं गप्प नसायचं!

"गेलं," ते म्हणाले. नात्यातलं कोणी गेल्यासारखं म्हणाले. पण नातीला कसं सांगायचं? भरल्या ताटावरून उठवायचं? त्यापेक्षा आपणच एकदा प्रयत्न करून बघू, असा विचार करून आजोबांनी दोन्ही अंगठे एकावर एक ठेवले आणि

टक्.

*

(गोष्ट पुन्हा)

आता धाकटी ओरडली नाही.

हे दादाने पहिल्यांदा पाहिलं. ती ओरडली असती तर त्याने "मी सांगितलं होतं" हे वाक्य काढलं असतं. सकाळपासून ते त्याने जिभेवर तयार ठेवलं होतं. पण ती कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून, हनुवटी तळहातांवर टेकून नुसती बसली होती. स्क्रीन तेच तेच सांगत होती, मधेच काळी होत होती, पुन्हा तेच सांगत होती. नकाशाचा कागद मांडीवर गुंडाळलेला. घरात आता दोन वस्तू मुक्या झाल्या होत्या, आणि त्यातली दुसरी दादाला सहन होईना.

"मैत्रिणीला विचारून बघते, तिचा मिळतो का दोन तास," म्हणून ती फोन घेऊन गॅलरीत गेली.

"बाजूला व्हा," दादा आई-आजोबांना म्हणाला.

त्याने गिरणीसमोरचा टेबलफॅन उचलला आणि नव्या कॉम्प्युटरच्या मागे ठेवला. "तापला असेल. असे नाजूक जीव लगेच तापतात." मग बाह्या सरसावल्या, बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने फॅन पूर्ण वेगात सोडला.

घर्रर्रर्र!

"झाला सुरू!" आजोबांचा चेहरा खुलला. "आता कसा बोलतोय! ऐक, सूरसुद्धा बरा आहे."

"माझ्या लेकाच्या हाताला गुण आहे," आई म्हणाली.

दादा नम्रपणे हसला. "जरा हवा हवी होती त्याला."

तिघं समोर खुर्च्या टाकून बसले. स्क्रीन काळीकुट्ट.

"स्क्रीनचं काय?" काही वेळाने आईने विचारलं.

"येईल. तापू दे."

"आत्ता तर तापला होता म्हणालास!"

"ते वेगळं तापणं."

मैत्रीण गावाला गेली होती. धाकटी खोलीत आली. काळी स्क्रीन, घरघर, आणि समोर कौतुकाने बसलेले तिघं. तिने एकेकाकडे पाहिलं. मग वाकून फॅनचं बटण बंद केलं.

शांतता.

"बंद पाडलास!" तिघं एकदम ओरडले. "चांगला चालला होता!"

धाकटीने दुकानात फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"बोला ताई. चालू आहे का?" दुकानातल्या मेकॅनिकने विचारलं.

"आवाज येत नाही."

"गाणं लावलंय का?"

"नाही हो. चालू असल्याचा आवाज."

"ताई, आवाज यायला लागला की आणा आमच्याकडे. येत नाही म्हणजे उत्तम आहे."

आजोबा हे ऐकून खुर्चीत मागे टेकले. साठ वर्षांच्या अनुभवावर कोणीतरी पाणी ओतलं होतं, तेही गार.

"पण स्क्रीन काळी होते!"

"होणारच. पहिल्या दिवशी तो स्वतःच बंद होतो, स्वतःच चालू होतो. तुम्ही समोरचा दिवा बघायचा. दिवा लुकलुकतोय म्हणजे त्याचं काम चाललंय."

चौघं वाकून त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या दिव्याकडे बघू लागले.

"याचा उपयोग असतो होय?" आईने दादाला विचारलं. दादा छताकडे बघत होता.

"आता लागलेला नाही," धाकटी म्हणाली.

"मग मधे कोणी बटण दाबून धरलं होतं का? बराच वेळ धरलं की तो सक्तीने बंद होतो, आणि झालेलं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून."

"नाही!" चौघं म्हणाले. चौघं! एका दमात, शाळेत पाढा म्हणावा तसे.

"बरं," मेकॅनिक शांतपणे म्हणाला. "किती जणांनी?"

आईने टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "मी आपलं एकदाच. पोरीला मदत म्हणून."

"मी यंत्राची नाडी बघितली," आजोबा म्हणाले. "नाडी बघायला दाबावंच लागतं."

"मी फॅन लावला," दादा म्हणाला.

"आणि?"

"आणि दाबलं."

धाकटी एकेकावर भडकायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला चहाचा कप आठवला. तिने तोंड मिटलं. सगळ्यांच्या आधीचा अंगठा तिचाच होता!

"एक करा," मेकॅनिक म्हणाला. "बटण एकदाच दाबा आणि बोट ताबडतोब उचला. मग काही झालं तरी हात लावायचा नाही. काळी होऊ दे, पांढरी होऊ दे. हात लावायचा नाही!"

फोन बंद झाला. चौघं त्या बटणाकडे बघत उभे राहिले. दाबून ताबडतोब बोट उचलायचं! एवढं सोपं काम, पण या घरातलं एकही बोट तशा वळणाचं नव्हतं.

"तू दाब," धाकटी म्हणाली.

"माझं बोट मला माहीत आहे," दादा म्हणाला. "ते चिकटतं. आजोबा?"

"माझे दोन लागतात."

"सरका," आई म्हणाली. तिने बोट जिभेला लावलं आणि इस्त्री तापली का बघताना लावतात तसं बटणाला लावलं. चट्! लागलं, उठलं. दिवा लागला.

मग चौघं ओळीने बसले. हात मांडीखाली. स्क्रीन उजळली, तयारी सुरू आहे म्हणाली, आणि जरा वेळाने काळी झाली. आवाज नाही. दिवा लुकलुकत होता, पण वर्षानुवर्षांचे कान एका दिव्याने कसे गप्प बसणार? आजोबांचा उजवा हात मांडीखालून हळूहळू बाहेर आला.

"आजोबा!"

"खाज सुटली गं, बाळ."

दादाने त्यांचा हात आपल्या हातात धरून ठेवला. आईने, का कोण जाणे, दादाचा दुसरा धरला. अशी ही साखळी बसून राहिली, आणि एकदाची स्क्रीन उजळली ती उजळलीच.

धाकटीने कागद उलगडला आणि कामाला भिडली. नकाशातल्या भिंती उभ्या राहिल्या, खिडक्या बसल्या, जिना वळला. दादा मागे उभा होता. तिने जिना फिरवून दाखवला, झरकन. गिरणीवर एवढं होईपर्यंत जेवण उरकलं असतं.

"जलद आहे," दादा म्हणाला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. जिन्याखाली लिफ्टला जागा ठेव."

तिने ठेवली. सहाला काही मिनिटं असताना नकाशा पुरा झाला. तिने श्वास रोखून कॉलेजचं पान उघडलं. उघडेना. पुन्हा. उघडेना. तिने घड्याळाकडे पाहिलं. आता कुठलं बटण राहिलं दाबायचं?

तेवढ्यात तिच्या फोनवर कॉलेजचा निरोप आला. तिने तो मोठ्याने वाचला: "कॉलेजची सगळी कॉम्प्युटर यंत्रणा आज दुपारी अचानक बंद पडली आहे..."

"मी नाही हं!" आई म्हणाली.

"मी तर इथेच बसलोय!" आजोबा म्हणाले.

दादाने दोन्ही हात खिशात घातले.

धाकटीने आधी आपला अंगठा मुठीत लपवला, आणि मग पुढची ओळ वाचली. नकाशा पाठवायला उद्या दुपारपर्यंत मुदत होती.